कोरडी नोंद

दुसरी नोंद सोमवारी आली. बालवाडी सुटली होती, बाकीच्या आया पोरांची दप्तरं खांद्याला अडकवून फाटकातून बाहेर पडत होत्या, आणि नीलाक्षी मॅडमनी मला एकटीलाच बोटानं खुणावलं. त्या बोटावरूनच मला कळलं.

"बसा ना, वृषालीताई."

"उभीच बरी आहे मी. काय झालं?"

त्यांनी टॅब माझ्याकडे फिरवला. पडद्यावर माझी जुई होती, चार वर्षांची. तिनं शेजारच्या तनिष्काच्या डब्यात हात घातला आणि जॅम लावलेल्या पोळीची गुंडाळी उचलली. विचारलं नाही, इकडेतिकडे बघितलं नाही. मोठा घास घेतला आणि भरल्या तोंडानं तनिष्कालाच काहीतरी सांगायला लागली. तिच्या नाकावर एक हिरवा ठिपका होता आणि त्याच्या बाजूला आकडा. उचलण्याआधी ३४.१. खाताना ३४.१. बोटं चाटताना ३४.२.

"एक दशांशसुद्धा उतरलं नाही बघा," मॅडम आवाज खाली घेऊन म्हणाल्या, पोरीला कावीळ झाल्याचं सांगावं तसं. "उलट चढलं."

"भूक लागली असेल हो."

"तिचा स्वतःचा डबा समोर होता की. भरलेला." त्यांनी टॅब मिटला. "आता तिसरी झाली की निरीक्षण गट. माझ्या हातात काही नसतं, ते आपोआप वर जातं. शुक्रवारी डॉक्टर फडणीस येतायत. दोन नोंदी झालेल्या मुलांना त्या स्वतः बघतात. तुम्ही यायचं, काचेमागं बसायचं."

निरीक्षण गट म्हणजे बालवाडीची मागची खोली. तिथल्या पोरांच्या दप्तराला पिवळी पट्टी असते. पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी तो कागद सगळ्यात वर लावतात. गेल्या वर्षी पिवळ्या पट्टीची पाच पोरं होती, आणि त्यांतलं एकही गावातल्या चांगल्या शाळेत गेलं नाही, हे मी फाटकाशी उभी राहून एकेका आईकडून काढून घेतलं होतं. अशा गोष्टी मी काढून घेते. जुई झाल्यापासून माझं लक्ष सारखं कशावर तरी असतंच.

बाहेर आल्यावर जुईनं माझं बोट धरलं. "आई, तनिष्काची पोळी गोड असते. तू पण कर की तसली."

०

बालवाडीतलं 'आरसा' हे यंत्र काय करतं ते बऱ्याच पालकांना वरवर माहीत असतं. मला जरा जास्त माहीत होतं.

आपण चुकलो असं माणसाला आतून वाटलं की अंगातल्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात. नाकाच्या शेंड्यावर ते लगेच दिसतं. तिथलं रक्त कमी होतं आणि शेंडा अर्ध्या-पाऊण अंशानं थंड पडतो. चेहऱ्यानं खोटं बोलता येतं, चार वर्षांचं पोरही रडण्याचं सोंग आणतं, पण नाकाच्या शेंड्याला सोंग जमत नाही. बालवाडीच्या छतात बसवलेले कॅमेरे ही उष्णता टिपतात. झालं हे अर्धं काम.

उरलेलं अर्धं अवघड. पोरानं केलं ते मुळात वाईट होतं का, हे यंत्राला कसं कळावं? त्यासाठी लाखो चित्रफिती माणसांना दाखवून त्यांच्याकडून खुणा करून घेतल्या. ही फीत योग्य, ही अयोग्य. त्या खुणांवरून यंत्र शिकलं. आता पोरानं अयोग्य काही केलं आणि त्याचं नाक थंड पडलं, तर हरकत नाही, पोराला टोचणी आहे. अयोग्य केलं आणि नाक ऊबदारच राहिलं, तर कोरडी नोंद.

जूनमधल्या पालकसभेत एका आईनं भीत भीत विचारलं होतं, "पण डॉक्टर, घरोघरी वळण वेगळं असतंय की. मग कुणाचं धरायचं?"

आरसा तयार करणाऱ्या डॉक्टर फडणीस हसल्या होत्या. बाई हुशार, साधी राहणारी, बोलण्यात कुठे तोरा नाही. "गुरुत्वाकर्षण इचलकरंजीत वेगळं आणि पुण्यात वेगळं असतं का हो? वाईट ते वाईट. आपण नऊ देशांत खुणा करून घेतल्यात. सगळीकडच्या माणसांचं एकमत झालं तेवढंच ठेवलं, बाकी काढून टाकलं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, आणि डोलावता डोलावता उगीचच नाकाला हात लावून बघितला.

कारण त्या खुणा करणाऱ्यांत मी होते. अजूनही आहे.

शिलाई मशीनच्या दुकानावरच्या हॉलमध्ये आम्ही आठ जणी बसतो. बीएस्सी झाले, लग्न झालं, जुई झाली, आणि ती वर्षाची असताना मी तिथे लागले. काम सोपं. आवाज नसलेली फीत येते, पंधरा-वीस सेकंदांची. खाली दोन बटणं. पण दर फितीनंतर वर कोपऱ्यात एक आकडा हलतो, त्याला 'मेळ' म्हणतात. तुमची खूण बाकीच्यांच्या खुणेशी जुळली की मेळ वाढतो, नाही जुळली की उतरतो. ब्याण्णवच्या खाली गेलात की दुसऱ्या दिवशी खुर्चीवर दुसरी बाई.

त्यामुळे मला काय वाटतं हे कुणी विचारतच नव्हतं. बाकीच्या सात जणींना काय वाटेल, ते मी ओळखायचं होतं. त्या सात जणीही तेच ओळखत बसायच्या. आणि आम्ही आठही जणी मिळून अंदाज बांधायचो, की पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या, फ्लॅटमधल्या बायका ह्याला काय म्हणतील.

दीड वाजता जेवणाची सुट्टी. जमिनीवर वर्तमानपत्र, मध्ये आठ डबे उघडे. शमशादची वांग्याची भाजी, पार्वतीअक्काचा खर्डा, माझी उसळ. जिला जे हवं त्यात हात. एकदा नवी आलेली मुलगी "घेऊ का?" म्हणाली, तर अक्का डाफरली, "का गं, हाटेलात बसलीयास व्हय? का आम्ही परक्या हाय?" ती पोर लाजून लाल झाली.

अशाच एका दिवशी जेवून वर बसलो आणि पहिलीच फीत आली. एक पोर दुसऱ्याच्या डब्यातलं न विचारता उचलून खातंय. शमशाद माझ्याकडे वाकली. "काय दाबायचं गं?"

माझ्या बोटांना अजून तिच्याच भाजीचा वास होता. "अयोग्य. विचारलं कुठाय त्यानं?"

"आणि आपण आत्ता खाली काय केलं मग?"

"आपलं वेगळं."

आठही जणींनी अयोग्य दाबलं. मेळ शंभर. त्यानंतर डब्याच्या अशा शेकडो फिती आल्या असतील.

०

उमेश यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर आहे, माग बिघडला की दुरुस्त करतो. मी कामावर असले की दुपारी तोच जुईला बालवाडीतून कारखान्यात नेतो. तिथे ती कामगारांबरोबर दुसऱ्यांदा जेवते आणि मी येईपर्यंत ऑफिसच्या खोलीत झोपते. त्याला मी नोंदीचं सांगितलं तर तो हसलाच.

"मग आमच्या सगळ्या कारखान्याचीच कोरडी नोंद करा म्हणावं."

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा कुठाय? रावसाहेबमामाच्या डब्यातली चटणी मी अकरा वर्षं न विचारता खातोय. एक दिस विचारलं ना, तर म्हातारा दुसऱ्या दिवशीपासनं डबा पाठीमागं घेऊन बसंल. म्हणंल, उम्याला माझा वीट आला."

"ते कारखान्यात."

"आणि बालवाडीत काय माणसं न्हाईत?"

"मग जा, सांग त्यांना. म्हणावं, वाईट काय ते मी ठरवतो."

"मी न्हाई ठरवत," तो म्हणाला. हसू गेलं होतं त्याचं. "पण मग कोण ठरवतंय, तेवढं सांग की. कोण बसलंय तिथं?"

कामावर लागताना मी एका कागदावर सही केली होती, की कसल्या फिती, कसल्या खुणा, हे घरातसुद्धा बोलणार नाही. उमेशला एवढंच माहीत होतं की मी 'कॉम्प्युटरवर' जाते. मी पोळी उलटली. ती करपली होती.

शुक्रवारला चार दिवस होते. यंत्र बदलणं माझ्या हातात नव्हतं, कारखाना बदलणंही नव्हतं. हातात होतं ते एवढंच, की न विचारता घेतल्यावर जुईचं नाक थंड पडलं पाहिजे.

०

उमेशच्या हत्यारांच्या पेटीत उष्णता मोजणारा छोटा कॅमेरा असतो, मोबाइलला लागतो. मागाचं बेअरिंग तापलं की ते जळायच्या आधी त्यात दिसतं. मंगळवारी संध्याकाळी उमेश बाहेर गेल्यावर मी तो काढला.

ताटलीत दोन लाडू ठेवले. "हा आईचा, हा जुईचा."

तिनं माझा उचलला. मी मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला. ३४.०.

"आईचा लाडू न विचारता घेतलास. वाईट असतं ते."

"मग तू माझा घे की," जुई म्हणाली आणि तिनं तिचा लाडू माझ्या तोंडाला लावला. ३४.१.

मी तिचा हात खाली केला. "जुई, न विचारता घेणाऱ्या मुलीला काय म्हणतात?"

"काय?"

"चोर."

ती हसली. तिला चोर म्हणजे पकडापकडीतला. ३४.१.

"तनिष्काची आई मला म्हणाली, तुमची जुई चोर आहे. तनिष्का आता तिच्याशी बोलणार नाही." असं कुणी म्हणालं नव्हतं. ३३.८.

"खेळणार पण नाही?"

"नाही. बाबांनासुद्धा चोर मुलगी नको." ३३.५.

तिनं लाडू ताटलीत ठेवला, होता तिथेच, अगदी जपून. चावलेली बाजू खाली केली. मी खाली बसले, तिच्या तोंडाच्या उंचीला आले आणि हळू म्हणाले, "मग मी पण नाही राहणार तुझी आई."

३३.१.

जवळजवळ एक अंश. मला हायसं वाटलं. हे लपवून काय करू, मला खरंच हायसं वाटलं. तिचा ओठ थरथरायला लागला होता, आणि तिला जवळ घेण्याआधी मी तो आकडा कागदावर टिपला.

बुधवारी पुन्हा केलं. गुरुवारी सकाळी पुन्हा. आता चोर म्हणायचीही गरज नव्हती. ताटली काढली की पुरे.

०

गुरुवारी उमेश घरी आला तो चप्पल न काढताच आत आला.

"पोरीला काय केलंयस तू?"

"काय झालं?"

"जेवायला बसली न्हाई. भिंतीकडं तोंड करून बसली. रावसाहेबमामानं भाकरीला चटणी लावून तुकडा पुढं केला, तर दोन्ही हात पाठीमागं घेऊन म्हणते, मला चोर व्हायचं न्हाई. म्हाताऱ्याच्या हातातला तुकडा हातातच राहिला. तो मला म्हणाला, उम्या, आमच्या हातचं नको असंल तर तसं सांग, पोरीला कशाला शिकवतोस?"

"उद्याचा एक दिवस जाऊ दे," मी म्हणाले. "शुक्रवार होऊ दे, मग मी सगळं नीट करते."

"काय नीट करतीस? ती माग हाय व्हय, आज सैल केला आणि उद्या आवळला?"

रात्रीच्या जेवणाला जुईनं ताटातल्या भाताकडे बोट केलं. "हा माझाच आहे ना? खाऊ?" घास खाल्ला. "आता वरण खाऊ?" दर घासाला ती विचारत होती आणि दर घासाला मी हो म्हणत होते. उमेश अर्ध्या ताटावरून उठला. मी तेव्हाही तिच्या नाकाकडे बघत होते. कॅमेरा नव्हता हातात, तरी बघत होते.

०

शुक्रवारी काचेमागच्या बाकावर मी होते आणि तनिष्काची आई होती. तनिष्काच्याही दोन नोंदी झाल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. एक चावल्याची, एक खोटं बोलल्याची. प्राजक्ता नाव तिचं, बँकेत आहे.

"चार रात्री डोळा नाही," ती म्हणाली. "तुमचं?"

"तेच."

समोर डॉक्टर फडणीस पडद्याजवळ बसल्या होत्या. काचेपलीकडे सहा मुलं गोलात बसली, डबे उघडले. मी जुईला शेंगदाण्याची पोळी दिली होती, तिची आवडती. तनिष्कानं डबा उघडला तर तो रिकामा. चाचणीसाठी मॅडमनीच त्यातला खाऊ मघाशी काढून ठेवला होता.

तनिष्कानं डब्यात बघितलं, डबा उलटा करून बघितला. मग, जगात ह्याहून साधं काही नाही अशा थाटात, तिनं जुईच्या डब्यात हात घातला.

"चोर!"

काच जाड होती तरी ऐकू आलं. जुईनं डबा छातीशी धरला होता. "मॅडम, चोर! हिनं विचारलं नाही! चोर!"

तनिष्काच्या हातात पोळीचा तुकडा होता. तिनं तो खाल्ला नाही, ठेवलाही नाही. जुई काय बोलतेय तेच तिला कळत नव्हतं.

पडद्यावर दोन ओळी आल्या. जुई सातपुते: योग्य प्रतिसाद, आणि हिरवी खूण. तनिष्काच्या नावापुढे ३४.३, आणि खाली: कोरडी नोंद, तिसरी.

प्राजक्ता उठून काचेशी गेली. ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर मला बरं पडलं असतं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "पण त्या तर रोज एकमेकींच्या डब्यातलं खातात ना? आमची आधी कुणाला हात लावू द्यायची नाही डब्याला. मला किती बरं वाटलं होतं... ती हे तुमच्या जुईकडूनच शिकली."

मला फक्त गप्प बसायचं होतं. हिरवी खूण झाली होती. पहिलीचा प्रवेश, शाळा, सगळं त्या खुणेच्या पलीकडे व्यवस्थित उभं होतं. दुसऱ्याच्या पोरीचं वाईट झालं होतं, आणि ते यंत्रानं केलं होतं.

"डॉक्टर," मी म्हणाले, "ती खूण मी केलीय."

त्यांनी मान वर केली. "कुठली?"

"डब्याची. न विचारता खाणं अयोग्य, ही. मी तुमच्या फितींवर खुणा करते, तीन वर्षं झाली."

"हे इथे बोलायची परवानगी आहे तुम्हाला?"

"नाही."

त्यांनी प्राजक्ताला दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगितलं. ती हलली नाही. मग डॉक्टर म्हणाल्या, "ऐका. तुमच्या एका हॉलवर काही ठरलेलं नाही. नऊ देशांत..."

"त्या नऊ देशांत मेळ मोजत होतात ना? ब्याण्णवच्या खाली गेलं की काढून टाकत होतात?"

त्या खुर्चीत माझ्याकडे पूर्ण वळल्या.

"आम्ही आठ जणी एकमेकींच्या डब्यातलं खाऊन वर आलो आणि अयोग्य दाबलं. आम्हाला ते वाईट वाटलं म्हणून नाही. तुम्हाला वाटत असेल असं वाटलं म्हणून. त्या बाकीच्या देशांतही कुणीतरी तसंच कुणाकडे तरी बघून दाबलं असेल. म्हणजे हे मत आहे कुणाचं?" माझा आवाज चढला होता, मलाच तो परका वाटत होता. "सेकंद काढून बघा. फीत संपल्यावर प्रत्येक खुणेला किती वेळ लागला ते साठतं, मला माहीत आहे. सहाच्या वर गेलं की आम्हाला पिवळा दिवा लागतो."

मला वाटलं, त्या मला बाहेर काढतील. पण बाईंमध्ये शास्त्रज्ञ होता. त्यांनी चष्मा वर सारला आणि काहीतरी उघडायला सुरुवात केली. पाच-सात मिनिटं फक्त बटणांचा आवाज. काचेपलीकडे मॅडम मुलांना गाणं म्हणायला लावत होत्या.

"डब्याच्या फिती," त्या शेवटी म्हणाल्या, स्वतःशीच. "सरासरी नऊ सेकंद. इथे अकरा. इथे सात." आकडे वरखाली सरकत होते. "खूण सगळ्यांची एक, पण सगळे घुटमळलेत. हे आम्ही कधी... आम्ही फक्त खूण मोजली." मग त्यांनी यादी उलटी लावली, सगळ्यात झटपट झालेली खूण सगळ्यात वर. "थांबा. ह्या बघा. एका सेकंदाच्या आत. सगळ्या देशांत. इथे कुणी कुणाकडे बघितलेलं नाही, तेवढा वेळच नाही." त्यांच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता. "म्हणजे आहे. समाजानं ठरवलेलं सगळं बाजूला काढलं तरी खाली काहीतरी उरतं, सातपुते. थोडंच आहे, पण आहे."

यादीतली पहिली फीत त्यांनी लावली.

कुठल्या देशातलं घर होतं कळत नव्हतं. एक बाई गुडघ्यांवर बसली होती, समोर तीन-चार वर्षांची मुलगी. बाईनं हात उगारला नव्हता, मुलीला बोटही लावलं नव्हतं. फक्त तिचे ओठ हलत होते, हळूहळू, शांतपणे. आणि मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू एकेक पायरी उतरत गेलं. बाईची नजर मुलीच्या चेहऱ्यावर खिळलेली होती, किती उतरलं ते बघत असल्यासारखी.

०.८ सेकंद. अयोग्य. नऊ देश, एकही खूण वेगळी नाही.

ही फीत आमच्या हॉलमध्ये आली होती. शमशादनं तेव्हा काय दाबायचं ते विचारलं नव्हतं. मीही त्या दिवसाच्या दोन-तीनशे फितींत ती विसरून गेले होते.

डॉक्टरांनी फीत बंद केली. मग जुईच्या नावाचा आलेख उघडला आणि सकाळपर्यंत मागे सरकवत नेला. वळल्या तेव्हा आवाज वेगळा होता.

"भीतीनंही शेंडा थंड पडतो. यंत्राला त्यातला फरक कळत नाही, मला कळतो. तुमच्या मुलीचं नाक आज फाटकातून आत आल्यापासून तेहतीसच्या खाली आहे. कुणी काही करायच्या आधीपासून." त्यांनी आलेखावर एका जागी बोट ठेवलं. "इथे फक्त वर गेलंय. नऊ वाजून बारा मिनिटांनी. तुम्ही तिला सोडून काचेमागे आलात तेव्हा."

प्राजक्तानं माझ्याकडे बघितलं.

"घरी काही झालंय का?" डॉक्टरांनी विचारलं. "उत्तर मला लिहावं लागेल, म्हणून विचार करून द्या. नाही म्हणालात तर आजची हिरवी खूण राहील. हो म्हणालात तर नोंद तुमच्या नावावर होईल. घरी माणसं येतील, महिनोन्‌महिने येतील. तुमचं कामही राहणार नाही, ते तर तुम्ही मघाशीच घालवलंत."

काचेपलीकडे गाणं संपलं होतं. बाकीची पोरं टाळ्या वाजवत होती. जुई मॅडमकडे बघत होती, टाळी वाजवू का म्हणून.

मला किती वेळ लागला ते तिथे कुणी मोजत नव्हतं. मला वाटतं, खूप लागला.

"हो," मी म्हणाले. "मी केलंय."

डॉक्टरांनी लिहिलं. मग म्हणाल्या, "डब्याच्या सगळ्या फिती मी फेरतपासणीला पाठवते. तोवर दोघींच्या नोंदी थांबतील. रद्द होणार नाहीत, थांबतील. ह्याहून जास्त मी कबूल करत नाही." प्राजक्ता बाहेर गेली. काचेपलीकडे तिनं तनिष्काला उचललं तेव्हा तो पोळीचा तुकडा अजून पोरीच्या मुठीत होता.

०

उमेशला यायला सांगितलं नव्हतं. मी आणि जुई चालत निघालो. बारा वाजत आले होते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट चालला होता. एरवी ती माझं बोट धरून पुढे ओढते. आज दोन पावलं मागे चालत होती. मी हळू झाले की तीही हळू व्हायची.

घरी कुणी कुणी येणार, काय विचारणार, उमेशला कुठून सुरुवात करून सांगायचं, हे सगळं माझ्या डोक्यात एकदम चाललं होतं. हिरव्या खुणेचाही विचार येत होता. खोटं कशाला बोलू.

"आई."

मी वळले. ती सुताच्या गोदामापुढे थांबली होती. डोळे काठोकाठ भरले होते आणि तिनं ते मोठ्ठे उघडे धरले होते, पापणी पडू नये म्हणून.

"काय गं?"

"मी रडू?"

मी रस्त्यातच गुडघ्यांवर बसले. मग त्या फितीतली बाई आठवली आणि उठून दोन पावलं लांब जाऊन गोदामाच्या फरशीवर बसले.

"विचारायचं नसतं गं बाळा. रड की."

ती रडली नाही. तशीच उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आधी डोळ्यांकडे, मग ओठांकडे, मग माझ्या दोन्ही हातांकडे. हीसुद्धा परीक्षा आहे का, ते ती तपासून बघत होती.